नामोशी कुणाची?

पालकहो, दहावीचा निकाल लागला की महाड-पोलादपूरकडच्या घरांतून एक वाक्य ऐकू येतं : "गणपतीला मुंबईकर आले की काय तोंड दाखवायचं? नामोशी केलीस आमची!"

मार्क पोराचे, नामोशी आपली. म्हणून हा शब्द जरा उलगडून बघू या. 'नामूस' हा अरबी-फारसीतून आलेला शब्द. अर्थ अब्रू, इभ्रत. मराठीत त्याची 'नामोशी' झाली आणि अर्थ पार उलटला : अब्रू होती ती बेअब्रू झाली. लाज आणि नामोशी आपण एकाच दमात बोलतो, पण दोन्ही एक नव्हेत. लाज वाटते, वाटायला एक मन पुरतं. नामोशी होते, तिला बघणारे चार लोक लागतात.

आणि चार लोकांचं मोजमाप दर वेळी खरं असतंच असं नाही. आपलं महाडचं चवदार तळंच घ्या. नगरपालिकेने ते १९२४ मध्ये ठराव करून सर्वांना खुलं केलं होतं, तरी अस्पृश्य मानलेल्यांना तिथे पाणी भरता येत नव्हतं. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारोंसह तळ्यावर गेले, ओंजळभर पाणी प्याले. त्यानंतर गावातल्या काहींनी शेण-गोमूत्र ओतून तळं 'शुद्ध' केलं. गावाची अब्रू राखली, असंच त्यांना वाटलं असणार. आज महाडला मान खाली घालावी लागते ती पाणी पिणाऱ्यांमुळे नव्हे, त्या शुद्धीमुळे.

आता पोराकडे येऊ. त्याने कॉपी केली, कुणाचं काही उचललं, वर्गातल्या कुणाला जातीवरून हिणवलं, तर त्याला लाज वाटायलाच हवी. ती त्याला एकट्याला जवळ बसवून, शांतपणे वाटू द्यावी. गणितात चाळीस मार्क पडले, यात मात्र लाजही नाही आणि नामोशीही नाही. अभ्यास कुठे अडला, एवढाच प्रश्न आहे.

नामोशीच्या धाकात वाढलेलं पोर चुका करायचं थांबत नाही, लपवायला शिकतं. आधी प्रगतिपुस्तक लपतं, मग मोबाईल, मग मन.

तेव्हा या वेळी एवढंच म्हणून बघा : "मुंबईकरांना काय सांगायचं ते मी बघते. तुझं कुठे अडलं, ते मला सांग."