अठरा गुणांची आघाडी

पाचपैकी चार शर्यती झाल्या होत्या. जळगावच्या मुलाचे ८६ गुण होते, धुळ्याच्या मुलाचे ६८. शेवटच्या शर्यतीत जळगावकर सहावा आला असता तरी हंगाम त्याचाच होता. आणि मग संयोजकांनी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक ओळ टाकली: प्रत्येकाची सर्वांत वाईट शर्यत हिशेबातून वगळण्यात येईल. त्या एका ओळीने दोघंही ६८ वर आले.

संगणकावर स्टिअरिंग लावून गाड्या पळवणाऱ्या जळगाव-धुळ्याच्या हौशी मंडळींची ती स्पर्धा होती आणि तिच्यात मीही धावत होतो. संयोजकांच्या मनात काळंबेरं नव्हतं, हे मी आजही ठामपणे सांगतो. तिसऱ्या शर्यतीत धुळ्याला वळवाचं वादळ आलं, लाईट गेली आणि पहिल्या क्रमांकावर पळणारा मुलगा शून्य गुणांनिशी बाहेर पडला. त्याची भरपाई व्हावी असं जळगावच्याही बऱ्याच जणांना वाटत होतं. पण भरपाईचा अर्थ काय झाला ते पाहा. धुळ्याच्या मुलाचं शून्य गळालं, तर जळगावच्या मुलाने मेहनतीने मिळवलेले १८ गुण गळाले. आता धुळेकर शेवटची शर्यत जिंकला, तर जळगावकराने दुसरा येऊनही उपयोग नव्हता.

वाईट शर्यती वगळण्याचा नियम मुळात अन्यायाचा नाही. १९८८च्या फॉर्म्युला वन हंगामात अ‍ॅलेन प्रॉस्टने एकूण १०५ गुण मिळवले आणि आयर्टन सेनाने ९४. तरीही विश्वविजेता सेना ठरला, कारण १६ पैकी उत्तम ११ शर्यतींचेच गुण धरायचे असं ठरलेलं होतं. त्या हिशेबात सेनाचे ९० झाले, प्रॉस्टचे ८७. प्रॉस्टच्या चाहत्यांना हे कडू लागलं असेल, पण पहिल्या शर्यतीला गाडीत बसताना दोघांनाही हा हिशेब माहीत होता. आमच्याकडे तो चार शर्यतींनंतर आला, म्हणजे कुणाचा फायदा आणि कुणाचा तोटा होणार हे उघड दिसत असताना. कुणाला झळ बसणार हे ठाऊक झाल्यावर केलेला नियम कितीही सद्हेतूने केलेला असो, हरणाऱ्याला तो आपल्याविरुद्धचा निकालच वाटतो.

शेवटच्या शर्यतीत जे व्हायचं तेच झालं. अखेरच्या वळणावर दोन्ही गाड्या भिडल्या, तक्रार झाली, आणि निर्णय देणाऱ्या तिघांपैकी एक जण त्याच शर्यतीत तिसरा आला होता. शिक्षा कुणालाही झाली असती तरी तो वर सरकणार होता. दहा मिनिटांत निकाल लागला, धुळ्याच्या मुलाला ५ सेकंदांचा दंड झाला. त्या रात्री धुळ्याची मंडळी ग्रुपमधून बाहेर पडली आणि ती स्पर्धा पुन्हा झाली नाही.

पुढे दोन्ही गावांतल्या काही जणांनी नवी स्पर्धा उभी करायची ठरवलं आणि मला पंच म्हणून बोलावलं. त्या हंगामात मी स्वतः धावणार नाही, एवढीच माझी अट होती. आपल्याकडच्या यात्रांत कुस्ती लावताना पंच दोन्ही पहिलवानांच्या तालमीबाहेरचा असावा, असा आग्रह धरतात. इथेही तोच धरा. छोट्या गटात बाहेरची तीन माणसं मिळणं अवघड असतं हे मला कळतं. अशा वेळी दुसऱ्या जिल्ह्यातल्या एखाद्या ओळखीच्याला रिप्ले पाठवा. पंचाने शर्यत प्रत्यक्ष बघायलाच हवी असं नाही.

लाईटचा प्रश्न खानदेशात येणारच. मे महिन्यात वादळ रावेर-यावलच्या केळीबागा आडव्या करतं, तिथे आपला राऊटर काय टिकणार? म्हणून त्याचं उत्तर पहिल्या शर्यतीआधीच कागदावर असू द्या. आम्ही असं ठरवलं: शर्यतीच्या पहिल्या पाव हिश्श्यात एखाद्या गावची लाईट जाऊन निम्मे स्पर्धक बाहेर पडले, तर शर्यत पुन्हा घ्यायची. एकट्याची गेली तर ती त्याची जोखीम. मात्र हंगामातली सर्वांत वाईट एक शर्यत सर्वांनाच वगळता येईल. हाच नियम पहिल्या स्पर्धेत भांडणाचं मूळ ठरला होता. आधी जाहीर केल्यावर त्याच्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

टकरीच्या तक्रारींवर थोडं सविस्तर लिहितो, कारण मैत्री तुटते ती इथे. ताशी २०० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात साधारण ५५ मीटर जाते. म्हणजे इंटरनेटमुळे सेकंदाच्या दहाव्या भागाचा उशीर झाला, तरी पडद्यावर दिसणारी समोरच्याची गाडी खऱ्या जागेपासून पाच मीटरहून जास्त चुकलेली असू शकते. बऱ्याच गाड्यांची लांबीही तेवढी नसते! त्यामुळे "त्याने मला ठोकलं" आणि "मी त्याला शिवलोही नाही" ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी प्रामाणिक असू शकतात. एका संगणकावरच्या रिप्लेवरून निकाल कधीच देऊ नका, दोघांचेही मागवा. निकाल त्याच रात्री द्यायचा नाही, दुसऱ्या दिवशी द्यायचा, आणि कोणत्या फेरीत, कोणत्या वळणावर, कोणता नियम मोडला हे लिहून द्यायचं. ज्याचं पिंग, म्हणजे इंटरनेटचा हा उशीर, ठरावीक मर्यादेपलीकडे जातं त्याला सर्व्हरने बाहेर काढावं. यात अपमान मानू नये.

गाडी चालवण्याचे नियम मात्र नव्याने शोधायची गरज नाही. मोटर स्पर्धांची जागतिक संघटना एफआयए हिच्या नियमावलीत ते आहेत. जागा राखण्यासाठी एकदाच दिशा बदलता येते, कडेच्या पांढऱ्या रेषा ट्रॅकचा भाग धरतात पण कर्ब धरत नाहीत, आणि बचावासाठी बाजूला गेलेला चालक मूळ मार्गावर परतताना कडेला एका गाडीची जागा सोडतो. एवढं सोप्या मराठीत लिहून सगळ्यांना दिलं, तरी निम्मे वाद मिटतात.

साधनांची विषमता राहतेच. कुणाकडे महागडं स्टिअरिंग, कुणाकडे गेमपॅड. गेमपॅडवाल्याला हाकलू नका, त्याच्यासाठी वेगळा गट करा. असेटो कोर्सासारख्या खेळात कोणती चालक-मदत चालेल हे सर्व्हरवर सगळ्यांसाठी एकदाच ठरवता येतं, आणि गाडीच्या मूळ फाइलमध्ये कुणी फेरफार केला नाही ना, हेही सर्व्हर तपासू शकतो. ही तपासणी चालू ठेवा. संशय घेऊन माणसं दुखावण्यापेक्षा ते बरं.

स्टिअरिंगवर कोण बसलंय, हाही प्रश्न बालिश समजू नका. मे २०२० मध्ये लॉकडाऊनच्या काळात फॉर्म्युला ईच्या आभासी शर्यतीत डॅनियल आप्ट या व्यावसायिक चालकाने आपल्या जागी एका सिम रेसरला बसवलं. निकालात तिसरा क्रमांक लागला, पण लबाडी उघड झाली. तो बाद झाला, त्याला १० हजार युरो धर्मादाय संस्थेला द्यावे लागले आणि त्याच्या ऑडी संघाने त्याला निलंबित केलं. पैसे आणि नाव असलेल्या माणसालाही हा मोह झाला, तर आपल्या मुलांना नियमाचा आधार द्यायलाच हवा. शर्यत चालू असताना कॅमेरा सुरू ठेवण्याची अट घाला.

शेवटचं सांगणं पैशांबद्दल. ऑनलाइन गेमिंगच्या केंद्रीय कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर त्यात बंदी आहे. ई-स्पोर्ट्सची व्याख्या वेगळी केली आहे, पण तिच्यातही नोंदणीची अट आहे आणि पैजेला जागा नाही. आपल्या गावपातळीच्या स्पर्धेत प्रत्येकाकडून दोनशे-पाचशे गोळा करून विजेत्याला वाटण्याची पद्धत सर्रास दिसते. कृपा करून ती बंद करा. यातली बरीच मुलं शाळा-कॉलेजातली आहेत. सर्व्हरचा खर्च वाटून घ्या, त्याचा हिशेब ग्रुपवर टाका, आणि विजेत्याला चषक द्या.