निलंग्यात घर घेताना : खाली आपण, वर भाडेकरू



लागवडीच्या नोंदी घेत गटांतून फिरताना अलीकडे बेण्यापेक्षा घराचीच चौकशी जास्त होते. "साहेब, पोरीला निलंग्यात कॉलेजला घातलंय. खोलीचं भाडं भरून वैताग आलाय. दोन मजली घरच घ्यावं म्हणतो. खाली आपण, वर भाडेकरू. भाड्यातच हप्ता फिटंल का नाही?" घराचा विषय ऊस विकास खात्याचा नव्हे, हे मान्य. परंतु हप्त्यापायी खोडव्याचे खत राहिले की तो विषय आमचाच होतो. म्हणून हा हिशेब मांडीत आहे.

भाड्यात हप्ता फिटत नाही, हे आधीच सांगतो. समजा घर ३० लाखांचे आहे. निम्मे पैसे आपले, १५ लाख कर्ज, व्याज दरसाल दर शेकडा ९ आणि मुदत २० वर्षे. महिन्याचा हप्ता सुमारे १३,५०० रुपये येतो, म्हणजे वर्षाला १,६२,०००. वरच्या मजल्याचे भाडे ५,००० धरू. मात्र ते बारा महिने धरू नये, दहाच धरावेत. विद्यार्थी उन्हाळ्यात खोली सोडतात, नोकरदाराची बदली होते. झाले ५०,०००. त्यातून घरपट्टी, मोटारीची दुरुस्ती, रंगरंगोटी यांचे १०,००० वजा करता हाती राहिले ४०,०००. पोरीच्या खोलीचे वाचलेले भाडे ४०,००० धरले तरी ८२,००० कमी पडतात.

हे ८२,००० कोण देणार? ऊसच देणार. एकरी ४० टन ऊस, तोडणी-वाहतूक वजा जाता टनाला २,६०० रुपये आणि लागवडीपासूनचा खर्च एकरी ५०,००० असे धरले, तर एकरी ५४,००० शिल्लक राहते. म्हणजे दीड एकराची सगळी शिल्लक वीस वर्षे त्या घराकडे जाणार. पोरीचे शिक्षण चार-पाच वर्षांत संपेल, मग खोलीभाड्याची बचतही संपेल आणि दीडचे सव्वादोन एकर होतील. आकडे उदाहरणाचे आहेत. आपापले घालून पाहावेत. ज्याचा ऊसच दोन एकर आहे, त्याने पंधरा लाखांच्या कर्जाच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याने प्लॉट घेऊन खालच्या दोन खोल्याच बांधाव्यात. वरचा मजला पुढे पाहता येतो.

दुसरी अडचण वेळेची आहे. बँकेचा हप्ता दरमहा, आपला पैसा हंगामात. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे बिल १४ दिवसांत द्यावयाचे असले, तरी जून ते ऑक्टोबर शेतकऱ्याचा हात कोरडाच असतो. यासाठी बिल जमा होताच सहा हप्त्यांचे ८१,००० रुपये वेगळ्या खात्यात टाकून ठेवावेत. बँक सहामाही हप्ता देते का, हेही सही करण्यापूर्वी विचारावे. सोसायटीचे पीककर्ज मात्र घरात घालू नये. ३ लाखांपर्यंतच्या पीककर्जाला राज्यात २०२१ च्या खरिपापासून शून्य टक्के व्याजाची सवलत मिळाली, पण ती मुदतीत फेडणाऱ्याला. ते पैसे विटा-सिमेंटात अडकले की सवलतही गेली आणि पुढचे कर्जही अडले. शिवाय एप्रिल २०१६ आठवावा. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले होते. त्या साली आपल्या शेतात किती ऊस उभा होता? हप्ता तर त्याही साली भरावा लागला असता.

एवढे करूनही ज्यांना जमते, त्यांनी घर पाहताना पहिल्यांदा जिना पाहावा. जाहिरातीत 'डुप्लेक्स' म्हणतात ते बहुतेक वेळा एकाच कुटुंबाचे दोन मजली घर असते. जिना बैठकीतून वर जातो. असे घर भाड्याने देणार कसे? भाडेकरू रात्री आपल्या अंथरुणावरून वर जाणार काय? आपल्याला बाहेरून जिना, वर स्वतंत्र संडास-न्हाणी आणि दोन विजेची मीटरे हवीत. घरगुती विजेचा दर युनिटे वाढली की चढतो. दोन कुटुंबे एकाच मीटरवर असली तर दोघांनाही चढ्या दराचा फटका बसतो आणि दरमहा तंटा वेगळाच. पाण्याच्या टाक्याही दोन असाव्यात.

जुने दगड-मातीचे घर स्वस्तात मिळते आणि त्यावर मजला चढवू, असे काहीजण म्हणतात. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट पाहिलेल्या भागात हे सांगावे लागू नये. त्या भूकंपात माणसे मेली ती बहुतांशी जाड दगड-मातीच्या भिंती आणि मातीचे माळवद अंगावर पडून. त्या भिंतींवर मजला चढवू नये. नव्या घरातही जोत्याला, दारावर व छताखाली सलग काँक्रीटच्या पट्ट्या आहेत का, हे इंजिनिअरकडून पाहून घ्यावे. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. पाया मुरमापर्यंत गेलेला नसला तर दोन वर्षांत भिंतीला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात.

कागदांविषयी थोडक्यात. घरपट्टीचा उतारा हा मालकीचा पुरावा नव्हे. मंजूर रेखांकन, अकृषिक परवानगी, बांधकाम परवाना आणि वकिलाकडून तीस वर्षांचा शोध पाहावा. वडिलोपार्जित मालमत्ता असेल तर विकणाऱ्याच्या बहिणींच्या सह्या आहेत का, हे विचारण्यास संकोच करू नये. २००५ च्या दुरुस्तीने मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे. खरेदी घरच्या बाईच्या नावे केल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत १ एप्रिल २०२१ पासून लागू झाली. सवलतीसाठी का होईना, बाईच्या नावे घर झाले तर वाईट काय?

शेवटी भाडेकरू. "ओळखीचा आहे, कागद कशाला?" असे आपल्याकडे म्हणतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक असून ती जबाबदारी घरमालकावर आहे. करार नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे प्रथमदर्शनी ग्राह्य धरले जाते. अकरा महिन्यांचा करार केला तरी नोंदणी सुटत नाही. भाडे बँकेतच घ्यावे. आणि भाड्याचे उत्पन्न हे शेतीचे उत्पन्न नाही. उसाच्या पैशावर प्राप्तिकर नाही म्हणून भाड्यावरही नाही, असे समजू नये. घरपट्टी वजा करून उरलेल्या भाड्यातून ३० टक्के वजावट मिळते, बाकी रक्कम विवरणपत्रात दाखवावी लागते.

वरील हिशेब आपल्या आकड्यांनी मांडून पाहायचा असेल, तर गट कार्यालयात येताना मागील तीन हंगामांची ऊसबिले आणि सोसायटीचे खातेपुस्तक सोबत आणावे. विसार देण्याआधी यावे. दिल्यानंतर येऊन फारसा उपयोग होत नाही.

— ऊस विकास अधिकारी