बटणाचा फोन की टचचा? आधी काम बघा, मग किंमत

साताऱ्यात किंवा सांगलीत मोबाइलच्या दुकानात ‘आजोबांसाठी फोन दाखवा’ म्हटलं की दुकानदार एक तर हजार-दीड हजाराचा बटणाचा फोन पुढे करतो, नाहीतर सात-दहा हजारांचा टचचा. वयावरून किंवा नुसत्या किमतीवरून ठरवलं, तर बहुतेक वेळा पैसे दोनदा जातात. फोनवर कोणती कामं होणार आणि ती कुणाच्या बोटांनी, हे आधी ठरवा.

पहिल्या वर्षाचा हिशेब

बटणाचा फोन साधारण १,००० ते १,८०० रुपयांना मिळतो. दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या आदेशानंतर जानेवारी २०२५ मध्ये इंटरनेट नसलेले, फक्त बोलणं आणि एसएमएसचे रिचार्ज आले. तेव्हा एअरटेलचा वर्षाचा रिचार्ज १,८४९ रुपयांना होता आणि जिओचा ८४ दिवसांचा ४४८ रुपयांना. म्हणजे फोन धरून पहिल्या वर्षी तीन ते पावणेचार हजार.

टचचा साधा फोन ७,००० ते १०,०००, कव्हर आणि काच २०० ते ४००. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर जिओ-एअरटेलचा इंटरनेटसह वर्षाचा रिचार्ज ३,५९९ रुपयांवर गेला. एकूण अकरा ते चौदा हजार. मात्र घरात वायफाय असेल आणि फोन घराबाहेर फारसा जात नसेल, तर टचच्या फोनलाही फक्त बोलण्याचा रिचार्ज पुरतो. दर बदलत राहतात, म्हणून रिचार्ज मारण्यापूर्वी त्या दिवशीचा भाव विचारा.

बटण कुठे अडतं?

ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत, म्हणजे सातबाऱ्यावर पीक नोंदवताना, शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढावा लागतो. तासगावची द्राक्षबाग असो की कोरेगावचा ऊस, साध्या फोनवर हे होत नाही. पण एकाच मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते, त्यामुळे प्रत्येकाला टच घेण्याची गरज नाही.

पेन्शनचंही तसंच. नोव्हेंबर २०२१ पासून चेहरा दाखवून हयातीचा दाखला देता येतो आणि त्यासाठी मुलाचा किंवा नातीचा फोनही चालतो. अपशिंगे मिलिटरीसारख्या माजी सैनिकांच्या गावांत ही सोय मोठी आहे. घरात टच नसेल, तर पोस्टमन घरी येऊन दाखला काढून देतो. त्याचं शुल्क आधी विचारून घ्या.

काच कुठे अडते?

टचच्या काचेला बोटातून जाणारा सूक्ष्म विद्युतभार कळतो, दाब नाही. त्यामुळे कोरड्या, भेगाळलेल्या, घट्टे पडलेल्या बोटांना ती दाद देत नाही आणि ओल्या हाताने भलतंच उघडते. हात थरथरत असेल तर एका स्पर्शाचे दोन होतात. डोळ्यांनी दिसत नसेल तर सपाट काचेवर बोटाला काहीच खूण लागत नाही. बटणाच्या फोनवर ५ च्या आकड्याला उंचवटा असतो आणि कीबोर्डवर ‘एफ’ आणि ‘जे’ला. तेवढ्यावर बाकीच्या बटणांची जागा कळते.

शून्य रुपयांत काय होतं?

नवा फोन घेण्यापूर्वी जुन्याचं सेटिंग बघा. ‘ॲक्सेसिबिलिटी’मध्ये अक्षरं मोठी करता येतात आणि स्पर्श किती वेळ दाबून धरल्यावर मोजायचा हे ठरवता येतं. काही फोनमध्ये काचेची संवेदनशीलताही वाढते. अंधांसाठी ‘टॉकबॅक’ असतं. एकदा स्पर्श केला की नाव ऐकू येतं, दोनदा टिचकी मारली की ते उघडतं. मराठी आवाज मिळतो. पिन टाकताना मात्र इअरफोन लावा. टाइप करण्याऐवजी मराठीत बोलून लिहिता येतं. संगणकावर ‘एनव्हीडीए’ हे स्क्रीन वाचणारं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि ते पूर्णपणे कीबोर्डवर चालतं.

हजाराच्या आत

बोटाऐवजी टचपेन १०० ते ३००. टचच्या फोनलाच बटणं हवी असतील तर कीबोर्ड फोनला लावणारी ओटीजी जोडणी ५० ते १५० आणि वायरचा कीबोर्ड ४०० ते ६००. फोन ओटीजी घेतो का, हे दुकानातच जोडून बघा.

पैशांचे व्यवहार

जुलै २०१४ नंतर बसवलेल्या एटीएममध्ये ब्रेल बटणं आणि आवाजाची सोय असावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. शंभर-दीडशेचा वायरचा इअरफोन सोबत ठेवा. साध्या फोनवरून *९९# ने पैसे पाठवता येतात, पण ही सोय जिओवर चालत नाही. जिओच्या ‘जिओभारत’ या बटणाच्या फोनमध्ये मात्र यूपीआयचं ॲप आतच असतं.

सरकारी मदत

किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला हवा. तो साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालयात आणि सांगलीत वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालयात काढता येतो. तो असेल आणि उत्पन्नाची अट बसत असेल, तर केंद्राच्या ‘एडिप’ योजनेतून दृष्टिहीनांना स्मार्टफोनही मिळू शकतो. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी असतो. ग्रामपंचायतीकडे त्याची लेखी मागणी करा आणि जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागातही विचारा.

खरेदीच्या वेळी

ज्याचा फोन, त्यालाच दुकानात न्या. त्याच्या हातून तीन कामं करवून घ्या: नंबर लावणं, आलेला फोन उचलणं, फोन ठेवणं. सेटिंग बदलूनही यातलं एखादं काम होत नसेल, तर बटणाचाच फोन घ्या. घरात एक टचचा फोन असेल, तर पीक पाहणी आणि पेन्शनची कामं त्याच्यावर भागतात.