मूल विचारेल तेव्हा

आजचं वाचन: अनुवाद ६:४-९ आणि ६:२०-२५



आजच्या वाचनात दोन गोष्टी लक्षात घ्या. पहिली, क्रम. मोशे म्हणतो, ही वचनं आधी तुझ्या स्वतःच्या हृदयात असू देत, मग ती मुलांच्या मनावर बिंबव. दुसरी गोष्ट, तो हे कोणाला सांगतोय? मुलांना शिकवायचं काम आईवडिलांचं, पण आज्ञा ऐकतंय सगळं इस्राएल, एकत्र उभं राहून.

अमेरिकेत बरीच ख्रिस्ती कुटुंबं हा अध्याय समोर ठेवून मुलांना घरीच शिकवतात, आणि तेही इतर कुटुंबांच्या सोबतीनं. याला क्लासिकल ख्रिश्चन होमस्कूलिंग म्हणतात. त्यामागची तत्त्वं आज या अध्यायासोबत वाचूया.

ही कल्पना आली कुठून?

१९४७ मध्ये डोरोथी सेयर्स या इंग्रज लेखिकेने ऑक्सफर्डमध्ये एक भाषण दिलं. (हो, त्याच, डिटेक्टिव्ह कादंबऱ्या लिहिणाऱ्या!) त्यांची तक्रार साधी होती: आपण मुलांना विषय शिकवतो, पण शिकायचं कसं ते शिकवत नाही. उपाय म्हणून त्यांनी मध्ययुगीन युरोपातल्या ‘ट्रिव्हियम’कडे बोट दाखवलं. ग्रामर, लॉजिक आणि ऱ्हेटरिक, म्हणजे भाषेचा पाया, तर्क आणि मांडणी. मध्ययुगात हे अभ्यासाचे विषय होते. मुलाच्या वाढीच्या तीन टप्प्यांशी त्यांची जोडी सेयर्स यांनी लावली.

मोशेसमोर काही ट्रिव्हियम नव्हता, त्यामुळे बळेच जुळवायला नको. पण सहाव्या अध्यायात हे तिन्ही टप्पे दिसतात खरे.

१. पाठ करणं (वचन ७)

लहान मुलांना तेच तेच म्हणायला आवडतं. म्हणून या वयात वचनं, पाढे, इतिहासातल्या घटनांचा क्रम, अगदी लॅटिनची रूपंसुद्धा चालीवर पाठ करून घेतात. आपल्याला यात नवल वाटायला नको, आपल्याकडे पाढे असेच तोंडी होतात. कोडिंग करणाऱ्यांना वेगळं सांगायला नकोच: नुसत्या सिंटॅक्सने प्रोग्रॅम होत नाही, पण सिंटॅक्सशिवाय एक ओळही चालत नाही.

२. प्रश्न विचारणं (वचन २०)

मग मूल मोठं होतं आणि वाद घालू लागतं. ‘हे असंच का?’ सेयर्स यांचं म्हणणं, वाद घालणारच आहे तर नीट घालायला शिकवा. मोशेनेही हे गृहीतच धरलंय की एक दिवस मुलगा विचारेल, या आज्ञांचा अर्थ काय? तो या प्रश्नाला उद्धटपणा म्हणत नाही. बारा वर्षांचा येशूसुद्धा मंदिरात गुरूंमध्ये बसून ऐकत होता आणि प्रश्न विचारत होता (लूक २:४६).

इथे खरी कसोटी आहे. मुलाला शंभर वचनं पाठ आहेत, पण शंका विचारली की ‘गप्प बस, फक्त विश्वास ठेव’ असं ऐकू येतं. मग प्रश्न संपत नाही, फक्त घरात विचारला जात नाही. तो कॉलेजच्या होस्टेलवर विचारला जातो, आणि तिथे उत्तर देणारे दुसरेच कोणी असतात.

३. उत्तर सांगणं (वचन २१)

उत्तर कसं द्यायचं तेही मोशे सांगतो. नियमांची यादी वाचायची नाही, गोष्ट सांगायची: आम्ही मिसरात दास होतो, आणि परमेश्वराने आम्हाला बाहेर काढलं. यातला ‘आम्ही’ महत्त्वाचा. ज्या पिढ्यांनी मिसर पाहिलाही नाही, त्यांनीही असंच सांगायचं. ऱ्हेटरिकचा हेतू हाच: जे पाठ केलं आणि तपासलं, ते आता स्वतःचं म्हणून, प्रेमाने मांडता यावं. पेत्रही आशेचं कारण सांगताना सौम्यता ठेवायला सांगतो (१ पेत्र ३:१५).

मग समुदाय कशाला?

ली बॉर्टिन्स यांनी १९९७ मध्ये नॉर्थ कॅरोलिनात सुरू केलेल्या ‘क्लासिकल कॉन्व्हर्सेशन्स’चं उदाहरण घ्या. कुटुंबं आठवड्यातून एक दिवस भेटतात, बाकीचे दिवस अभ्यास घरी. लहान गटाचा पाठांतराचा अभ्यास २४ आठवड्यांचा असतो. शिकवणारे बहुधा पालकच. मुलं उभी राहून सगळ्यांसमोर बोलतात, आणि आईवडीलही वर्गात बसून शिकतात. मुलाला दिसतं की आईलाही लॅटिन येत नव्हतं, तीही आत्ताच शिकतेय. ‘आधी तुझ्या हृदयात’ याचं याहून सोपं चित्र कोणतं?

पण सावध राहायला हवं. घरी शिकवण्याचा भार बहुतेक वेळा आईवरच पडतो, आणि प्रत्येक घराला एका पगारात भागवणं जमत नाही. शाळेत पाठवणारे आईवडील कमी विश्वासू, असं हा अध्याय कुठेच म्हणत नाही. दुसरा धोका म्हणजे आपल्यासारख्यांचाच गट जमवून भोवती भिंत उभी करणं. त्याच पुस्तकात पुढे परक्यावर प्रेम करायला सांगितलंय, कारण तुम्हीही मिसरात परके होता (अनुवाद १०:१९). जी आठवण मुलाला शिकवायची, तीच दार उघडं ठेवायला लावते.

आपल्यासाठी

तुमच्यापैकी अनेकांना अजून मुलं नाहीत. तरी ही आज्ञा तुम्हीही ऐकताय, कारण ती सगळ्या मंडळीला आहे. संडे स्कूलमधली मुलं, भाचरं, पुतणे, शेजारचं पोर, कोणीतरी तुम्हाला विचारणार आहेच. या आठवड्यात एवढं करा:

- अनुवाद ६:४-९ पाठ करा. मोबाईलमध्ये सेव्ह नको, तोंडपाठ.
- विश्वासाबद्दलचा तुमचा एक खरा प्रश्न वडीलधाऱ्या विश्वासू व्यक्तीला विचारा.
- एखाद्या लहान मुलाला तुमची ‘आम्ही दास होतो’ ही गोष्ट सांगा.

प्रार्थना: हे प्रभू, तुझं वचन आधी माझ्या हृदयात रुजव. मुलं विचारतील तेव्हा आम्हाला धीर दे, आणि सांगण्यासारखी खरी गोष्ट दे. येशूच्या नावात मागतो, आमेन.