मुका मार म्हणून सोडून दिलेला पाय

भिवंडीच्या गोदामांत माल हलवणारी फोर्कलिफ्ट आटोपशीर दिसत असली, तरी उचललेल्या ओझ्याला तोल देण्यासाठी तिच्या मागच्या भागात जड लोखंड बसवलेले असल्याने, अडीच टन माल उचलणारे यंत्र स्वतः साडेतीन-चार टनांचे असते. शिवाय ते मागच्या चाकांनी वळत असल्यामुळे त्याचा मागचा भाग झपकन बाहेर फिरतो आणि शेजारच्या हमालाचा पाय चाकाखाली येतो. रक्त आले तर रुग्णालय गाठले जाते; कातडी न फाटलेला पाय मात्र मुका मार समजून, बाम चोळून घरी पाठवला जातो, आणि खरा धोका अनेकदा तिथेच असतो.

पोटरीचे व पावलाचे स्नायू न ताणणाऱ्या चिवट आवरणाच्या कप्प्यांत बंदिस्त असतात. चिरडलेला स्नायू सुजला, की कप्प्यातील दाब वाढून सूक्ष्म रक्तवाहिन्या मिटतात. या अवस्थेला ‘कम्पार्टमेंट सिंड्रोम’ म्हणतात. एक्स-रे हाड दाखवतो, हा दाब नव्हे. नाडी लागते म्हणूनही निर्धास्त राहता येत नाही, कारण मोठी धमनी बऱ्याच उशिरापर्यंत वाहती असते. इजेच्या मानाने असह्य, वाढत जाणारी वेदना, दुसऱ्याने बोटे ताणताच उठणारी कळ आणि बधिरपणा ही लक्षणे दिसताच शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे. सुमारे सहा तासांनंतर स्नायू कायमचा निकामी होऊ शकतो, म्हणून शल्यचिकित्सक आवरणाला लांब छेद देऊन दाब मोकळा करतात.

मांडीसारखा मोठा भाग बराच वेळ दबून राहिल्यास धोका पायापुरता उरत नाही. बायवॉटर्स व बील यांनी १९४१ मध्ये लंडनच्या बॉम्बहल्ल्यांत ढिगाऱ्याखाली सापडलेल्या रुग्णांत वर्णन केल्याप्रमाणे, सुटका झाल्यानंतर मूत्रपिंडे बंद पडू शकतात. चिरडलेल्या स्नायूतून सुटणारे मायोग्लोबिन हे प्रथिन मूत्रपिंडाला इजा करते, तर पोटॅशियम हृदयाची लय बिघडवते. लघवी चहासारखी गडद होणे ही त्याची खूण होय.

रुग्णवाहिका (१०८) येईपर्यंत बुटाची नाडी सैल करावी. चोळणे, शेकणे व घट्ट पट्टी टाळावी. पाय उशांवर उंच ठेवण्याची रूढ सवय येथे घातक ठरते, कारण त्याने रक्तपुरवठा आणखी घटतो. तो हृदयाच्या पातळीवरच ठेवावा.

ठेकेदाराच्या धाकाने ‘घसरून पडलो’ असे सांगणारा कामगार भरपाईचा दावा कमकुवत करतोच, शिवाय डॉक्टरांचीही दिशाभूल करतो; म्हणून चाक पायावरून गेल्याची वेळ केसपेपरवर लिहून घ्यावी.