आजारातून उठणाऱ्यांसाठी बटाटा आणि कांद्याच्या पातीचे सूप

राधानगरी तालुक्यातील एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. सासरे पंचाहत्तरीचे. आठ दिवस तापाने अंथरुणावर होते. ताप उतरला, पण तोंडाला चव नाही, भाकरी समोर आली की ताट सरकवतात. ‘पातळ काहीतरी द्या’ असे कोणी सांगितल्यामुळे तांदळाची पेज आणि दुकानातले पाकिटाचे सूप एवढेच चालू आहे. पुण्यात शिकणाऱ्या मुलीने फ्रेंच पद्धतीच्या लीक आणि बटाट्याच्या सूपची कृती कळवली आहे. हे सूप आजाऱ्याला चालेल का आणि लीक आमच्याकडे कोठे मिळणार, असे त्यांनी विचारले आहे. पावसाळ्यात घरोघरी हाच प्रश्न पडतो, म्हणून या आठवड्यात सविस्तर उत्तर देत आहे.

पातळ म्हणजे पाणी नव्हे

तापात शरीर स्वतःचेच स्नायू जाळून शक्ती मिळवते. त्यातच माणूस पडून राहिला की पायांतील बळ झपाट्याने कमी होते. तरुण माणूस ते महिन्याभरात भरून काढतो, म्हाताऱ्या माणसाला ते जमतेच असे नाही. मग रात्री लघवीला उठताना तोल जातो, पडणे होते, खुब्याचे हाड मोडते आणि ताप बरा होऊनही माणूस कायमचा अंथरुणाला खिळतो. म्हणून ताप उतरल्यानंतरचे दोन-तीन आठवडे आहाराच्या दृष्टीने फार महत्त्वाचे असतात.

या काळात पोटात काय जाते, याचा हिशेब ठेवला पाहिजे. पाकिटाच्या सूपमध्ये मुख्यतः मक्याचे पीठ, मीठ आणि साखर असते. वाटीभर सूपने पोट भरल्यासारखे वाटते, पण उष्मांक जेमतेम पन्नासच्या घरात मिळतात. पातळ पेजेचीही तीच गत. पातळ पदार्थ जरूर द्यावा, पण त्यात सत्त्व हवे. फ्रेंचांचे हे सूप त्या कसोटीला बऱ्यापैकी उतरते.

औषधनिर्मात्याच्या नावाचे सूप

बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीतला. पोर्तुगीजांनी तो आपल्याकडे आणला आणि ‘बटाटा’ हा शब्दही त्यांच्याच भाषेतून आला. युरोपात मात्र बरीच वर्षे लोक त्याला घाबरत. बटाटा खाल्ल्याने महारोग होतो, अशी समजूत फ्रान्समध्ये होती. आंत्वान पारमांतिए (१७३७–१८१३) हा फ्रेंच सैन्यातील औषधनिर्माता. सात वर्षांच्या युद्धात तो प्रशियाच्या कैदेत पडला. तेथे कैद्यांना बटाटे खाऊ घालत. सुटून आल्यावर त्याने बटाट्याचा अभ्यास केला आणि दुष्काळात लोकांना तारणारे हे अन्न आहे, असा प्रचार आयुष्यभर केला. १७७२ मध्ये पॅरिसच्या वैद्यक विद्याशाखेने बटाटा खाण्यास योग्य ठरवला. आजही फ्रान्समध्ये लीक-बटाट्याच्या सूपला त्याचेच नाव आहे. तिकडे हे मेजवानीचे पक्वान्न नव्हे. आपल्याकडचे वरण किंवा सार, तसे तिकडचे हे रोजचे घरगुती सूप.

लीक नसली तर?

लीक ही कांदा-लसणाच्या कुळातील भाजी. दिसायला जाडजूड पातीच्या कांद्यासारखी, पण खाली गड्डा नसतो. चव कांद्यापेक्षा सौम्य आणि गोडसर. पुण्या-मुंबईच्या मोठ्या मंडईत ती ‘लीक’ याच नावाने मिळते. मिळाली तर पांढरा आणि फिकट हिरवा भाग घ्यावा. गडद हिरवी पाने चिवट असतात. पापुद्र्यांत माती अडकते, म्हणून उभी चिरून वाहत्या पाण्याखाली धुवावी.

पण तिच्यासाठी कोल्हापूरची एस.टी. धरण्याचे कारण नाही. आठवडी बाजारात मिळणारी कांद्याची पात हे काम उत्तम करते. ताजी, कोवळी पेंडी निवडावी. पात नसेल तर दोन मध्यम पांढरे कांदे घेतले तरी चालतील.

कृती (चार वाट्या)

साहित्य: बटाटे अर्धा किलो, कांद्याची पात पाव किलो, लोणी एक मोठा चमचा (नसल्यास तूप), पाणी पाऊण लिटर, दूध एक कप, मीठ अर्धा छोटा चमचा, मिरपूड.

पातीचा पांढरा भाग बारीक चिरावा. कोवळा हिरवा भाग वेगळा ठेवावा. जाड बुडाच्या पातेल्यात लोणी वितळवून पांढरा भाग घालावा, झाकण ठेवून अगदी मंद आचेवर दहा मिनिटे मऊ होऊ द्यावा. येथे घाई करू नये. आपल्याला फोडणीत कांदा लालसर करण्याची सवय असते. या सूपमध्ये तो मुळीच लाल होता कामा नये, नाहीतर सौम्य गोडवा जातो. मग सोललेल्या बटाट्याच्या फोडी, मीठ आणि पाणी घालून बटाटा बोटाने चुरता येईल इतका शिजवावा. साधारण वीस मिनिटे लागतात. शेवटची दोन मिनिटे राहिली की हिरवी पात टाकावी.

आता ते एकजीव करायचे. मिक्सर फार वेळ फिरवल्यास बटाट्यातील पिष्ट चिकट होऊन सूपची खळ बनते. फ्रेंच गृहिणी यासाठी हाताने फिरवायचे चाळणीचे यंत्र वापरत आल्या आहेत, ते थेट आपल्या पुरणयंत्राचे भावंड शोभेल. तेव्हा पुरणयंत्रच काढावे किंवा रवीने घोटावे. पुन्हा गाळू नये, गाळल्याने चोथा म्हणजे तंतुमय भाग निघून जातो. शेवटी गरम दूध घालून एक वाफ आणावी, खळखळून उकळू नये. वरून ताजी मिरपूड घालावी. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर वाढलेल्या जिभेला हे फिके लागेल, हे मी जाणतो. अशा वेळी मीठ न वाढवता मिरे, कोथिंबीर किंवा किंचित आले वाढवावे.

सत्त्वाचा हिशेब

या सूपच्या एका वाटीत सुमारे १७० उष्मांक मिळतात, म्हणजे जवळपास एका मध्यम भाकरीइतके. बटाट्यातून पोटॅशियम आणि थोडे क जीवनसत्त्व मिळते. फोडी शिजवलेले पाणी आपण फेकत नसल्यामुळे त्यात उतरलेले क्षारही पोटात जातात. प्रथिने मात्र वाटीमागे पाचच ग्रॅमच्या आसपास. पन्नास किलो वजनाच्या वृद्ध व्यक्तीला दिवसाला किमान पन्नास ग्रॅम तरी प्रथिने हवीत. तेव्हा केवळ या सूपवर माणूस उभा राहणार नाही.

ही उणीव घरच्याच जिनसांनी भरून काढता येते. बटाट्याबरोबर मूठभर मुगाची डाळ शिजवावी, किंवा वाढताना उकडलेले अंडे कुस्करून घालावे, एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात. सकाळी हे सूप दिले तर संध्याकाळी आपले हुलग्याचे माडगे द्यावे. हुलग्यात बटाट्याच्या कितीतरी पट प्रथिने असतात. एकदम मोठा वाडगा पुढे ठेवू नये. दोन-दोन तासांनी अर्धी वाटी द्यावी, म्हणजे अन्नाची शिसारी येत नाही.

कोणी जपून घ्यावे

मधुमेह असणाऱ्यांनी: घोटलेल्या बटाट्याने रक्तातील साखर लवकर चढते. निम्म्या बटाट्याऐवजी दुधी भोपळा किंवा फ्लॉवर घालावा आणि ही वाटी भाकरीच्या बदली घ्यावी, भाकरीशिवाय जादा नव्हे.

रक्तदाब असणाऱ्यांनी: दिवसभरात मीठ पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे सपाट छोट्या चमच्यापेक्षा, कमी असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. वरील प्रमाणात वाटीमागे एक ग्रॅमही येत नाही. पापड-लोणचे सोबत घेऊन हा फायदा घालवू नये.

मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी: बटाट्यातील पोटॅशियम त्यांना बाधू शकते. आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी: हिरव्या पातीत के जीवनसत्त्व असते. खाण्यात एकाएकी मोठा फरक करू नये.

जुलाब होत असल्यास काही दिवस दूध वगळावे. अर्धांगवायूनंतर गिळताना ठसका लागत असेल तर घरच्या घरी प्रयोग न करता आधी डॉक्टरांना दाखवावे. कोणत्याही आजाऱ्याला भरवताना पाठीला टेका देऊन बसवूनच भरवावे.

बटाटा निवडताना आणि सूप ठेवताना

हिरवट पडलेला किंवा मोड आलेला बटाटा आजाऱ्यासाठी वापरू नये. त्यात सोलॅनिन नावाचे विषारी द्रव्य वाढते आणि ते उकळूनही जात नाही. उलट्या, पोटदुखी होऊ शकते. बटाटे अंधाऱ्या, कोरड्या, हवेशीर जागी ठेवावेत.

तयार सूप दोन तासांहून अधिक बाहेर ठेवू नये. दूध आणि बटाटा हे जंतूंना फार आवडणारे मिश्रण आहे. आपल्याकडे पावसात वीज गेली की फ्रीजचा भरवसा नसतो, म्हणून एका दिवसापुरतेच करावे. उरल्यास दूध घालण्याआधीचा भाग ठेवावा आणि वाढताना चांगला उकळून मग त्यात ताजे गरम दूध घालावे.

डॉक्टरांकडे केव्हा?

ताप पुन्हा चढला, लघवी कमी झाली, धाप लागू लागली, माणूस गोंधळल्यासारखा बोलू लागला किंवा आठवडाभरानंतरही अन्न जात नसेल, तर सूपचे प्रकार बदलत बसू नये. राधानगरी, भुदरगड, गगनबावडा या भातपट्ट्यात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. चिखलात रोपलागण करणाऱ्या माणसाला ताप येऊन पोटऱ्या फार दुखत असतील, डोळे लाल किंवा पिवळे झाले असतील, तर तो लेप्टोस्पायरोसिस असू शकतो. अशा वेळी त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठावे.

पत्रलेखक भगिनींना सांगणे एवढेच: सूप अवश्य करा, कांद्याच्या पातीचेच करा, त्यात डाळ किंवा अंडे घाला आणि पाकीट बंद करा. आठवड्यातून एकदा सासऱ्यांचे वजन करून कागदावर लिहून ठेवा. जेवणाबरोबर रोज थोडे घरातल्या घरात, कोणाच्या तरी आधाराने, चालवा. अन्न आणि हालचाल दोन्ही मिळाल्या, तरच गेलेले बळ परत येते.