एकाच सुईचे विणकाम

पाठप्रवेश

घरी बसून केलेल्या हातकामाकडे आपण बहुधा विरंगुळा म्हणून पाहतो. सुती धाग्याच्या क्रोशाकामात मात्र बराच हिशेब दडलेला असतो, आणि त्यातील एक रक्कम मांडायची नेहमी राहून जाते. ती कोणती, हे पाठ वाचताना शोधा.

रायपूरच्या चौबे कॉलोनीत महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे. या भागातील एखाद्या जुन्या मराठी घरात पाऊल टाकले, की दारावरचे विणलेले तोरण, उशीच्या अभ्र्याची लेस आणि दुधाच्या भांड्यावरची, कडेला मणी लावलेली जाळी दिसू शकते. मणी शोभेसाठी असतात हे खरे. पण त्यांच्या वजनामुळेच जाळी वाऱ्याने उडत नाही. मुलीच्या लग्नात रुखवतावर क्रोशाचा रुमाल नसला, तर पूर्वी पाहुण्या बायका तसे बोलून दाखवत.

‘क्रोशा’ हा शब्द फ्रेंच भाषेतून आला. त्या भाषेत त्याचा अर्थ ‘लहान आकडा’. सुईच्या टोकाला असा आकडा असतो आणि सारे काम त्या एका सुईवर चालते. लोकरीच्या दोन सुयांवरील विणकामात एका वेळी अनेक टाके सुईवर असतात. त्यांतील एक जरी निसटला तरी ओळ उसवत खाली जाते. क्रोशात बहुधा एकच फास सुईवर उरतो. त्यामुळे चूक झाली तर सुई काढून धागा ओढावा आणि चुकीच्या जागेपर्यंत उसवून पुन्हा विणावे. नव्याने शिकणाऱ्यास याचा मोठा दिलासा वाटतो.

प्रारंभ साखळीने होतो. धाग्याचा सैल फास करून त्यातून धागा ओढला, की साखळीचे एक घर झाले. त्यानंतर येतो खांब. सुईवर धाग्याचा एक वेढा घेऊन ती साखळीच्या घरात घालावी व धागा ओढून घ्यावा. आता सुईवर तीन फास दिसतील. पुन्हा धागा घेऊन दोन फासांतून काढावा आणि आणखी एकदा उरलेल्या दोन फासांतून काढावा. एवढे हाताला बसले, की जाळीचा रुमाल, पिशवी, टोपडे यांतले बरेचसे काम कळले.

गोल रुमालाचे गणित विशेष पाहण्यासारखे आहे. मध्यभागी १२ खांब घेतले, तर पुढच्या फेऱ्यांत साधारणपणे २४, ३६, ४८ असे प्रत्येक फेरीला १२ खांब वाढवावे लागतात. तरच वर्तुळ सपाट राहते. वाढ कमी पडली तर कडा वर उचलली जाते व वाटी तयार होते. बाळाची टोपी याच रीतीने विणतात. वाढ जास्त झाली तर कडेला चुण्या पडतात. अनेकींच्या हातून चुकून होणाऱ्या या चुण्यांमध्ये दाइना ताइमिना या गणितज्ञ स्त्रीला वेगळीच उपयुक्तता दिसली. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात शिकवताना १९९७ मध्ये त्यांनी भूमितीतील एक अवघड पृष्ठभाग क्रोशाने विणून विद्यार्थ्यांच्या हाती दिला. खांबांची संख्या ठराविक प्रमाणात वाढवत नेणे, एवढीच त्यामागची युक्ती होती.

मे महिन्यात रायपूरचा पारा चाळीस अंशांच्या वर जातो. अशा ठिकाणी सूतच सोयीचे. सूत घाम आणि पाणी शोषून घेते व वारंवार धुतलेले सोसते. गरम पातेल्याखालची चकती तर सुताचीच विणावी, कारण अ‍ॅक्रिलिकचा धागा उष्णतेने वितळतो. सुताला लोकरीसारखा ताण मात्र नसतो. म्हणून अंगात घालायचे वस्त्र थोडे सैल विणावे, शिवाय पहिल्या धुण्यात ते आटते हेही ध्यानात ठेवावे. विणून झालेला रुमाल ताठ राहावा म्हणून भाताच्या पेजेत बुडवून सपाट वाळवतात. ही पेज छत्तीसगडी बोलीत ‘पसिया’.

क्रोशाचे खरे विणकाम करणारे यंत्र अद्याप प्रचारात आलेले नाही. यंत्रावर तशी दिसणारी जाळी निघते, पण तिचे टाके निराळे असतात. म्हणजेच बाजारात खरी क्रोशाची वस्तू कितीही स्वस्त मिळाली, तरी ती कोणाच्या तरी हातांनीच विणलेली असते. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडून भीषण दुष्काळ आला, तेव्हा अनेक कुटुंबांना स्त्रियांच्या क्रोशा-लेसने आधार दिला. आपल्या देशात आंध्र प्रदेशातील नरसापूरची क्रोशा-लेस प्रसिद्ध आहे. तिला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. तेथील स्त्रियांवरील मारिया मीस यांचा अभ्यासग्रंथ १९८२ मध्ये प्रकाशित झाला. परदेशी जाणाऱ्या मालासाठी रोज अनेक तास विणणाऱ्या या स्त्रियांना ‘गृहिणी’ आणि त्यांच्या श्रमाला ‘फावल्या वेळचे काम’ म्हटले जाई. मजुरीही त्याच मानाने अत्यल्प मिळे.

ही अडचण चौबे कॉलोनीतही येऊ शकते. समजा, एका मुलीने तेथल्या काकूंकडे शिकून सुती पिशवी विणली. दुकानदाराने दोनशे रुपये देऊ केले आणि दहा पिशव्या मागितल्या. मुलगी आनंदाने सांगू लागली, “काकू, सूत ऐंशी रुपयांचं. सरळ एकशेवीस उरतात!”

“तास किती लागले?”

“आठ. पण मी तर टीव्ही पाहत विणली.”

“अगं, पाहिलं डोळ्यांनी. हात कुणाचे चालत होते?”

मुलीने पाठकोऱ्या कागदावर भागाकार केला. तासाला पंधरा रुपये! दुसऱ्या दिवशी तिने साडेतीनशे सांगितले. दुकानदाराने बरीच घासाघीस केली आणि दहांऐवजी दोनच पिशव्या घेतल्या. तिसरी पिशवी विणायला घेताना तिने सुताच्या गुंडीसोबत एक लहान वही ठेवली आणि पहिल्या पानावर बसल्याची वेळ लिहिली.

स्वाध्याय

१. पिशवी ३५० रुपयांना विकल्यास मुलीला तासाला किती रुपये मिळतात? दुकानदाराच्या पहिल्या मागणीनुसार १० पिशव्या विणल्या असत्या, तर किती तास लागले असते आणि एकूण किती रक्कम हाती आली असती? तुम्ही असता तर कोणता व्यवहार पत्करला असता? सकारण लिहा.

२. ‘फावल्या वेळचे काम’ या शब्दांमुळे मजुरीवर काय परिणाम होतो?

३. तुमच्या घरातील एखादी हाताने केलेली वस्तू निवडा. ती करणाऱ्या व्यक्तीला लागलेला वेळ विचारा आणि त्या वस्तूची योग्य किंमत ठरवा.